उभं पाणी, वाहतं पाणी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीसुद्धा दर वर्षी धान रोवण्याच्या दिवसांत बुडायची. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने रागावू नये. खरं म्हणजे वाचणारं कोणी नाही. मी हे माझ्यापुरतंच लिहिते आहे, दुपारी घरात कोणी नसताना. मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी काही विचारलं की पदर तोंडाला लागतो आणि पाय दाराकडे वळतात. मग पोरीबद्दल जे बोलायचं असतं ते राहून जातं. असं फार राहून गेलं आहे.

आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला लागून आहे. गावाला मोठा जुना तलाव आहे आणि आमचं घर तलावावर मासे धरणारं. माझा नवरा डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, उभा राहून फेकजाळं टाकतो. तसं गोल जाळं आमच्या गावात दुसऱ्या कोणाचं पडत नाही, हे मी बायको म्हणून सांगत नाही, गावच सांगतं. मी मोहाच्या दिवसांत मोह वेचते, तेंदूच्या दिवसांत पानं तोडते, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला जाते. आम्हाला एकच मुलगी झाली.

ती लहानपणी बापाबरोबर डोंग्यात असायची. पुढे चंद्रपूरला वसतिगृहाच्या शाळेत गेली. तिथल्या खेळाच्या मॅडमनी तिला दोरावर चढायला शिकवलं. सुट्टीत घरी आली की अंगणातल्या चिंचेच्या झाडाला दोर बांधून वर जायची आणि पाय भिंतीला लावल्यासारखे टेकवत खाली यायची. लोक कुंपणापाशी उभे राहून पाहायचे. एकदा शेजारचा म्हातारा नवऱ्याला म्हणाला, "काऊन गा, पोरीले माकड बनवून राह्यला का?" नवरा जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "माकड झाडावर चढते, काका. माही पोरगी डोंगरावर चढते." म्हातारा हसत निघून गेला, पण पोरीने ते ऐकलं होतं. दिवसभर ती बापाच्या मागे मागे होती.

बारावीनंतर तिने पहाडावरचं पहिलं शिक्षण घेतलं. त्याचा कागद मिळाला. तिला शिकवणारी व्हायचं होतं. शहरातल्या पोरांना दोर बांधून डोंगर चढवायचे, त्याचा पगार मिळतो म्हणे. त्यासाठी बर्फाचं एक उंच शिखर चढल्याचं दाखवावं लागतं, असं ती म्हणाली. तिकडे हिमालयात कंपन्या असतात. पैसे भरले की दोर, तंबू, स्वयंपाकी, वाट दाखवणारा माणूस, सगळं त्या देतात. आपल्याला वर नेतात आणि खाली आणतात. तिने मला हे जेवताना समजावून सांगितलं होतं.

पैसे आमच्याकडे नव्हते. बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढायचं ठरलं. त्यासाठी मला बैठकीत उठून बोलावं लागणार होतं. मी उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. आमच्या अध्यक्षबाई तोंडाच्या फटकळ आहेत. त्या म्हणाल्या, "बाई, तोंडातला पदर काढ आन् काय पायजे ते सांग, नाई तं खाली बस, चहा थंडा होते." बायका हसल्या. पोरगी दारात उभी होती, तीही हसली. मग मी सांगितलं. एकीनेही नाही म्हटलं नाही. पोरगी निघाली त्या दिवशी गटातल्या सगळ्या बायका एसटीवर आल्या होत्या. अध्यक्षबाईंनी तिच्या हातात पोह्यांची पुडी दिली आणि वरून खाली पाहून आम्ही दिसतो का ते सांग म्हणाल्या.

आमच्याकडे फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर येते. तिचा शेवटचा फोन मी तिथेच घेतला. ती पहाडातल्या शेवटच्या गावात पोहोचली होती. इथे भात मिळतो, मासे मिळत नाहीत, नदीचं पाणी दुधासारखं पांढरं आहे, एवढं बोलली. बापाला तिने बर्फाचा फोटो पाठवला. पांढरा, गप्प, आभाळापर्यंत गेलेला बर्फ. त्याने तो फोटो गावात सगळ्यांना दाखवला.

तेंदूचा हंगाम संपत आला होता. मी फळीवर होते. फळी म्हणजे जिथे पानांची पुडकी मोजून वाळत घालतात ते मोकळं रान. दुपारी एक गाडी आली आणि खेळाच्या मॅडम उतरल्या. जमिनीवर पुडक्यांच्या रांगा होत्या. मॅडम त्या रांगांमधून माझ्याकडे चालत आल्या. एकाही पुडक्यावर त्यांनी पाय पडू दिला नाही. मी त्यांचे पायच पाहत होते. चेहऱ्याकडे पाहिलं तर काय कळेल ते मला त्या चालण्यावरूनच कळलं होतं.

शिखरावर ती पोहोचली होती. उतरताना ऊन चढलं आणि वरचा बर्फ सुटून खाली आला. तिच्यासोबत पुण्याकडचा एक जण होता. त्याला उकरून काढलं, पण त्याच्यात जीव नव्हता. ती सापडलीच नाही. तीन दिवस शोधून माणसं खाली आली, कारण वरून आणखी बर्फ यायला लागला होता. हे सगळं मॅडमनी आमच्या ओसरीवर बसून सांगितलं. नवऱ्याने एकच विचारलं, "सापडली नाई म्हणजे हाय कुठी?" मॅडम म्हणाल्या, बर्फात आहे.

जातीतली मोठी माणसं जमली. त्यांचं म्हणणं पडलं की माणूस मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, तसं करून दिवस उरकावे. नवरा तयार होईना. तो म्हणाला, "जे पाण्यात हाय त्याले जाळत नाईत."

इथे आमची रीत सांगायला पाहिजे. आमच्या घराण्यात असं आहे की उभ्या पाण्यात, म्हणजे तलावात किंवा लहान बोडीत, घरचं माणूस बुडालं आणि वर आलं नाही, तर ते येईपर्यंत त्या घरचं जाळं पाण्यात पडत नाही. उभं पाणी माणूस ठेवून घेत नाही, आज ना उद्या परत देतं, असं मानतात. ते येतं तेव्हा पाण्यात आपलंच जाळं असू नये. माझा चुलत सासरा तलावात गेला होता तेव्हा घरातली सगळी जाळी झाडावर टांगली होती. चौथ्या दिवशी तो कमळाच्या पानांत वर आला. वाहत्या पाण्याचं वेगळं. नदीत गेलेल्यासाठी कोणी जाळं थांबवत नाही. नदी नेते आणि परत देत नाही. तिथे वाट पाहायची नसते. पत्रावळीवर भात सोडायचा, दिवस करायचे आणि कामाला लागायचं.

नवरा म्हणाला, बर्फ म्हणजे पाणीच. आणि तो फोटो काढून दाखवायचा. "पाहा, कुठी वाहते? उभा हाय." म्हाताऱ्यांनी समजावलं की ही रीत आपल्या तलावाची, तिकडच्या पहाडाची नाही. तो म्हणाला, "पानी एकच हाय." त्याच दिवशी त्याने जाळं आणून अंगणात टांगलं.

मला वाटलं महिन्याभरात उतरवेल. त्याने उतरवलं नाही. रोज सकाळी तो पाळीवर जाऊन बसायचा. दुसऱ्यांचे डोंगे पाण्यात असायचे, हा पाहायचा. दुपारी घरी येऊन टांगलेलं जाळं तपासायचा. न वापरता त्यात भोक कुठून पडणार, पण तो विणीतलं एक एक घर बोटाने चाचपायचा. पावसाळ्यात मासे चढणीला लागले, लोकांनी टोपल्या भरल्या, आमच्याकडे मी मागून आणलेलं कालवण शिजलं. मी रोवायला गेले, धान कापायला गेले. तेवढ्यात घर चाललं, कर्ज चाललं नाही.

गटात एकीचं थकलं की बँक सगळ्यांचं अडवते. एकीला शिलाई मशीन घ्यायची होती, ती अडकली. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण विहिरीवर एकीचं वाक्य माझ्या कानावर आलं, की त्यांच्या अंगणात जाळं वाळून राहिलं आहे आणि आपण इकडे. मी घागर अर्धीच भरून आले. शेवटी अध्यक्षबाई घरी आल्या. ओसरीवर बसून त्यांनी नवऱ्याला सरळ म्हटलं, "भाऊ, तुमच्या पोरीले आम्हीच एसटीवर बसवलं. आम्हाले का दुःख नाई? पण जाळं टाका आता." नवऱ्याने टांगलेल्या जाळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, तुमचे पैसे बुडणार नाईत. पण पोरगी वर येईन तवा माहं जाळं पाण्यात नाई पाह्यजे." अध्यक्षबाई उठल्या. जाताना मला म्हणाल्या की हा माणूस वेडा झाला असता तर बरं होतं, वेड्याला औषध असतं.

मला त्याचा राग यायचा, आणि राग आला की माझीच लाज वाटायची. कारण मी त्याला कधी जाळं टाका असं म्हटलं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा मॅडमच्या फोनवर कंपनीच्या मालकाचा निरोप आला. त्यांची माणसं पुन्हा त्याच पहाडावर निघाली होती. आई-बापाला यायचं असेल तर डोंगराच्या पायथ्याच्या तळापर्यंत घेऊन जाऊ, खर्च आमचा, असं ते म्हणाले. मला वाटलं नवरा जाईल. तो म्हणाला, मी गेलो तर पाळीवर कोण बसेल. तू जा. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "काही आणू नको," म्हणाला, "तिथलं पानी उभं हाय का वाहते, एवढंच पाहून ये."

सोबत माझा धाकटा भाऊ आला. तो घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, त्याला हिंदी येते आणि बडबड भरपूर येते. रेल्वेत तो मला म्हणाला, "बाई, तिकडे तोंड उघडजो. पहाडात इशारे चालत नाईत." दिल्लीहून बस, मग जीप. जीपमध्ये रस्त्याच्या एका बाजूला दरी होती. भाऊ स्वतः ड्रायव्हर, पण त्याने डोळे मिटून घेतले होते. शेवटच्या गावात बायका गवताचे भारे पाठीवर नेत होत्या, पट्टा कपाळाला लावून. आम्ही डोक्यावर नेतो. एकीने मला थांबवलं, माझ्या पातळ चादरीला हात लावून पाहिला आणि घरातून लोकरीची टोपी आणून दिली. तिला माझं काही कळलं नव्हतं आणि मला तिचं. मी टोपी घातली.

तिथून पायी. आम्हाला नेणारा जो माणूस होता, तोच माझ्या मुलीलाही घेऊन गेला होता. हे मला भावाने सांगितलं. पस्तिशीचा असेल, चेहरा उन्हाने करपलेला. मला माताजी म्हणायचा, पण बोलताना माझ्या बुटांकडे पाहायचा. ते बूट त्यानेच दिले होते, लेस त्यानेच बांधल्या होत्या. हळू चाला, दम लागायच्या आत थांबा, तहान नसली तरी पाणी प्या, असं तो परत परत सांगायचा. मुक्कामाला पोहोचलो की आमची नखं दाबून पाहायचा, रंग परत कधी येतो ते. लसणाचं गरम पाणी द्यायचा. मला वाटायचं, हे सगळं त्याने तिचंही केलं असेल. तिचीही नखं दाबून पाहिली असतील.

मी घरून सुके झिंगे नेले होते. स्वयंपाक करणाऱ्याला द्यायला पुडी पुढे केली. त्याने वास घेतला आणि काही सडलं आहे समजून पुडी तंबूबाहेर ठेवली. भाऊ म्हणाला, "बाई, ते खेचर पाह्य, तेही मागं सरकलं." त्या प्रवासात मी तेव्हा एकदाच हसले.

पुढच्या मुक्कामावर भावाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. वाट दाखवणाऱ्याने त्याची नखं पाहिली आणि खाली जावं लागेल म्हणाला. भाऊ खेचरावर बसता बसता म्हणाला, "एवढी वर्षं कोळशाची धूळ खाल्ली, काही झालं नाई. इथी चांगली हवा खाल्ली आन् मेलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, तूही चल, एकटी काय करशील. मी नाही म्हटलं. इतक्या पटकन मी कोणाला कधी नाही म्हटलं नव्हतं.

तळावर पोहोचलो तेव्हा मी बर्फ शोधत होते. फोटोतला पांढरा बर्फ लांब वर होता. खाली होता तो मळका, दगडगोट्यांनी झाकलेला, घुग्घुसच्या खाणींबाहेर काढलेल्या मातीचे ढिगारे असतात तसा. मी त्याला माती समजून त्यावर उभी होते. वाट दाखवणाऱ्याने काठीने दगड बाजूला सारले, तर खाली हिरवट काच होती. जागा मोठी होती, आवाज नव्हता, आणि मला एकदम वाटलं की इथून हाक मारली तर तिला ऐकू जाईल. मी हाक मारली नाही. लोक होते.

त्याने हाताने वरचा उतार दाखवला. तिथून सुटला, इथपर्यंत आला. ती पुढे होती की मागे, दोर कुठे तुटला, हे तो हिंदीत हळूहळू सांगत गेला. मला सगळं कळलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. मग तो सांगायला लागला की ती रोज विचारायची, या नदीत कोणता मासा असतो. त्याला माशांची नावं येत नव्हती. ती म्हणायची, माझ्या बाबांना आणते, ते पाण्याकडे पाहून सांगतील.

नवऱ्याने मला एकच काम सांगितलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे पानी उभं हाय का वाहते?"

तो गोंधळला. "कौनसा पानी, माताजी?"

मी पायाखाली बोट दाखवलं.

"ये तो बरफ है."

"बरफ म्हणजे पानीच. खडा है का बहता है?"

पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हे विचारायला इतक्या लांब आले आहे हे बहुतेक त्याला तेव्हा समजलं. तो चालायला लागला आणि मी मागे गेले. तशाच दगडांनी झाकलेल्या बर्फावर एक जागा होती, तीन बाजूंनी दगड रचलेले, आतून काळे झालेले. मागच्या वर्षीचं त्यांचं स्वयंपाकघर. तो म्हणाला की तेव्हा हे दगड त्या समोरच्या कड्यावरच्या धबधब्यासमोर रचले होते. स्वयंपाकी तिथून उठून घागर भरायचा. मी धबधब्याकडे पाहिलं. तो आता बराच वर, मागे राहिला होता. आमच्या घरापासून हातपंप आहे तेवढा लांब. दगड कोणी उचलून आणले नव्हते. रचलेले होते तसेच, काजळीसकट, बर्फावर बसून खाली आले होते.

"चलता है, माताजी," तो म्हणाला. "बहुत धीरे. पर रुकता नहीं."

मी त्या दगडांजवळ बसले. इथे ती जेवली असणार. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. त्याने उभं आहे म्हणावं असं माझ्या मनात होतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं. वर्षभर मी नवऱ्याला वेडा समजत होते, आणि मीही त्याच्या शेजारीच पाळीवर बसून होते, फक्त कामाला जात होते म्हणून दिसत नव्हतं.

मी विचारलं, ती खाली कधी येईल. तो म्हणाला, जिथे बर्फ संपतो आणि नदी निघते तिथपर्यंत यायला फार वर्षं लागतात. आपली मुलं, मुलांची मुलं पाहतील कदाचित. मग तो माझ्यासमोर खाली बसला आणि म्हणाला की मला काही तरी बोला, शिव्या द्या. मी तिला वर नेलं, मला खाली आणता आलं नाही.

मी म्हटलं, "तुमी जेवले का?"

तो डोळे पुसत तंबूकडे गेला आणि दोन थाळ्या घेऊन आला. आम्ही तिथेच दगडांजवळ बसून वरण-भात खाल्ला.

उतरताना जिथे बर्फाच्या तोंडातून नदी निघते तिथे मी थांबले. पाणी खरंच दुधासारखं होतं. मी हात घातला. थोड्या वेळाने बोटं माझी राहिली नाहीत असं वाटलं, तरी ठेवला. पाण्याचा जोर हाताला लागत होता.

गावी आले तेव्हा नवरा पाळीवर होता. त्याने पाणी दिलं, भावाची तब्येत विचारली. मी वाट पाहत होते. मग तो म्हणाला, "पाह्यलं?"

"हो."

"उभं हाय?"

वाटभर मी ठरवत आले होते. वाहतं म्हटलं तर त्याची वाट पाहणं मी माझ्या हाताने संपवणार. उभं म्हटलं तर तो जन्मभर इथेच बसणार आणि मला त्याच्याजवळ बसता येणार. मी म्हटलं, "वाहते. लय हळू वाहते. आपल्या जन्मात खाली पोहोचणार नाई. पण वाहते. चूल सरकलेली मी डोळ्यांनी पाह्यली, आन् पाण्यात हात घातला."

तो तलावाकडे पाहत राहिला. मला वाटलं आता भांडेल, इतकं हळू वाहणारं ते कसलं वाहतं म्हणेल. मी मनात म्हणत होते, म्हणावं त्याने.

"वाहते म्हणजे वाहते," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मंग नाई येत ती."

"नाई येत."

त्याने फोन काढला, तो फोटो पाहिला आणि फोन परत खिशात ठेवला. आम्ही घरी आलो. चार दिवसांनी जातीची माणसं घेऊन कठाणी नदीवर गेलो. पळसाच्या पत्रावळीवर भात ठेवून त्याने तो पाण्यात सोडला. रीत अशी की पत्रावळ सोडली की मागे वळून न पाहता यायचं. तो निघालाच नाही, तिथेच उभा राहून नदीच्या वाकणापर्यंत जाणारी पत्रावळ पाहत राहिला. कोणी त्याला टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाळं अंगणात नव्हतं. मी चूल पेटवत होते तेव्हा तलावावरून आवाज आला, फेकजाळं पाण्यावर पडतं तो, मुठीतून धान सुपात सांडल्यासारखा. वर्षभर मी तो आवाज कधी येतो म्हणून कान देऊन होते. आला तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले. पोर गेल्याचं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी इतकी रडले नव्हते. रहू आले होते, चांगले मोठे. त्यातला एकही आम्ही घरी ठेवला नाही. मी टोपली घेऊन धानोऱ्याच्या बाजारात गेले.

तेव्हापासून हप्ते जायला लागले. कधी मासे मिळायचे, कधी नाही. शिंगाड्याच्या दिवसांत त्याने शिंगाडे काढले, मी मोह विकला. शिलाई मशीनवालीचं काम झालं. तिने माझा पहिला ब्लाऊज शिवला आणि पैसे घेतले नाहीत. नवरा आता कमी बोलतो. पाळीवर बसत नाही. डोंगा लावला की सरळ घरी येतो. गावातली पोरं त्याला जाळं टाकायला शिकव म्हणतात, तर तो पुढच्या वर्षी म्हणतो.

दर महिन्याला बैठकीत माझा हप्ता घेताना अध्यक्षबाई म्हणायच्या, पोरीचा हप्ता आला. त्यांनी ते मुद्दाम नाही केलं, आधीपासून तसंच म्हणत होत्या. मला ते ऐकायला आवडायचं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. महिन्यातून एकदा चारचौघींत तिचं नाव निघायचं.

मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता होता. आमच्या गटात कोणाचं कर्ज फिटलं की सगळ्या टाळ्या वाजवतात. कोपऱ्यातल्या एकीने सवयीने सुरुवात केली आणि मधेच थांबली. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मला उठून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. अध्यक्षबाईंनी पावती फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "फिटलं, बाई. पोरीचं सगळं फिटलं."

मी पावती घेऊन घरी आले. नवरा जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या बदलत होता. त्याच्याकडे दिली. त्याला वाचता येत नाही, पण त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं की आता काही द्यायचं राहिलं का. मी म्हटलं, नाही. पूर्ण दिलं.